विषाचं देणं

बागायतदार : सर, सापाच्या विषापासून औषधं होतात हे ऐकता ऐकता आमची पिढी म्हातारी झाली. विष लाखांच्या भावानं जातं अशा बातम्या अधूनमधून येतात आणि त्या वाचून एखादं पोरगं बरणी घेऊन सापामागं लागतं. माझा प्रश्न त्या बातम्यांचा नाही. आमच्या तासगाव तालुक्यात साप चावतो कुणाला, ते आधी बघा. शेतीच्या विजेची रात्रपाळी आली की पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, पायात साधी चप्पल. उसाच्या सरीत पाचटाखाली घोणस पडलेली असते, ती पाय पडेपर्यंत दिसत नाही. बेदाण्याच्या शेडवर उंदीर येतात, उंदरांमागं नाग येतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. त्यांच्यासाठी जे औषध आहे त्याची रीत १८९० च्या दशकातली. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की ते काढून कुपीत भरायचं. सव्वाशे वर्षांत विषाचं शास्त्र एवढं पुढं गेलं म्हणता, मग ते चावलेल्या माणसाला सोडून कुणाकडं गेलं?

प्राध्यापक : तात्या, ते तुमच्या घरातही आलंय, फक्त साप चावल्याच्या निमित्तानं नाही. रोज सकाळी तुम्ही रक्तदाबासाठी रामिप्रिलची गोळी घेता. तिचं मूळ ब्राझीलच्या एका सापात आहे. जराराका त्याचं नाव. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फेरेरा या ब्राझिली संशोधकानं १९६५ मध्ये त्या विषातला एक घटक दाखवून दिला. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य रक्तवाहिन्या सैल करतं, ते लवकर नष्ट होऊ नये अशी तजवीज हा घटक करतो. फेरेरा तो अर्क घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथं उमगलं की रक्तदाब चढवणाऱ्या एका एन्झाइमलाही तो अडवतो. पण विषातला घटक पोटात गेला तर पचून जाणार, तो सुईनंच द्यावा लागणार. म्हणून अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत कुशमन आणि ऑन्डेटी यांनी त्याच्या कामाची पद्धत समजून घेतली आणि तेच काम करणारा एक छोटा रेणू घडवला. ते कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ साली मंजूर झालेलं. तुमची गोळी त्याच घराण्यातली. आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर फुरसं घ्या. त्याच्या विषातलं एक प्रथिन रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्या प्रथिनाच्या नमुन्यावरून टायरोफिबान हे औषध निघालं, १९९८ मध्ये. हृदयाच्या नळीत गुठळी झालेल्या माणसाला ते देतात. ज्या गुणानं फुरसं माणूस मारतं, तोच गुण मापात आणला की माणूस वाचतो.

बागायतदार : गोळी मी घेतो, तेव्हा फायदा नाकारायचं कारण नाही. पण तुमच्याच गोष्टीत माझी तक्रार दडलेली आहे. साप ब्राझीलचा, चावला ब्राझीलच्या मळ्यातल्या मजुराला, पहिलं डोकं चाललं ते ब्राझीलच्या माणसाचं. औषध मात्र झालं अमेरिकेच्या कंपनीचं. आमच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन द्राक्षाच्या बागेतून वेगळा वेल हेरला, वाढवला, त्याला तास-ए-गणेश नाव दिलं. ज्या तालुक्याच्या मातीत तो वेल निघाला तिथल्या गणपतीचं नाव घेऊन तो वाण राज्यभर गेला, आणि त्याची काडी आधी आमच्याच शेजाऱ्यांच्या रानात लागली. विषाचं तसं का होत नाही? फुरसं आमच्या माळावरचं. त्याच्या विषावरून बनलेलं औषध आमच्या माणसाला मिळतं, पण कधी? त्याला हृदयविकाराचा झटका आला तर. फुरसंच चावलं तर मात्र तीच जुनी कुपी. शिवाय अशी औषधं निघाली तरी किती? बोटांवर मोजता येतील एवढीच ना?

प्राध्यापक : एवढीच. मी आकडा फुगवणार नाही. नापास झालेली त्यांच्या कितीतरी पट आहेत. मलेशियाकडच्या एका सापापासून काढलेलं अँक्रॉड रक्त पातळ करतं, म्हणून मेंदूच्या झटक्यावर ते वापरून पाहिलं. २००० साली एका मोठ्या चाचणीत फायदा दिसला, २००६ सालच्या दुसऱ्या चाचणीत तो टिकला नाही. तेव्हा विषातून औषधांचा पाऊस पडतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण औषधाच्या यादीवरून विषाची किंमत करणं मला पटत नाही. त्याचं मोठं काम अवजार म्हणून आहे. सापानं किंवा विंचवानं शिकार लुळी पाडण्यासाठी लाखो वर्षांत जे रेणू घडवले, ते शरीरातल्या हजारो जागांपैकी एकच जागा गाठतात आणि तिला धरून ठेवतात. इतकं अचूक काही प्रयोगशाळेत बनवणं फार अवघड.

एक उदाहरण नीट सांगतो. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात, जीभ जड होते, घास उतरत नाही, शेवटी श्वास थांबतो. मायस्थेनिया नावाच्या आजारात असंच काहीसं महिनोन्महिने हळूहळू चालतं, आणि त्याचं कारण बराच काळ कळत नव्हतं. १९६३ साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. नसेचा निरोप स्नायूकडं जिथं पोचतो, तिथल्याच ग्राहकाला, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या रेणूला, ते जाऊन चिकटतं आणि लवकर सुटत नाही. त्याला किरणोत्सर्गी खूण लावली की ग्राहक मोजता येतात. सापांच्या अशाच विषांच्या मदतीनं ते ग्राहक शुद्ध स्वरूपात बाहेर काढता आले. १९७३ साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी ते सशांना टोचले, तर ससे मायस्थेनियाच्या रोग्यासारखे लुळे पडले. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या ग्राहकांवर उलटते, हे तेव्हा उघड झालं. आज त्या आजाराची जी रक्ततपासणी होते तिच्यात अजूनही मण्यारीचं ते विष वापरतात. आणि तुमच्या उसातली घोणस? तिचं विष पातळ करून रक्तद्रवात घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ज्या बाईचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तिच्या रक्तात गुठळ्या करणारा दोष आहे का, हे त्या तपासणीवरून ठरवायला मदत होते. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत ही तपासणी नेहमीची आहे.

बागायतदार : ही घोणशीची गोष्ट तुम्ही मोठ्या कौतुकानं सांगितलीत. आता तिच्या उलट बाजूची ऐका. घोणस चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आणला की डॉक्टर काय करतात? काचेची कोरडी, स्वच्छ नळी घेतात. त्यात दोन मिली रक्त काढून ती उभी ठेवतात आणि वीस मिनिटं तिला हात लावत नाहीत. मग ती अलगद तिरकी करतात. रक्त गोळा होऊन बसलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष भिनलं. नळी प्लास्टिकची असली किंवा धुताना तिच्यात साबण राहिला असला तर उत्तर चुकतं. त्या वीस मिनिटांत नातेवाईकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. ही तपासणी वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिनं माणसं वाचवली आहेत. पण याच सापाचं विष शहरात सेकंदांच्या हिशोबानं दुसऱ्याच आजाराचं निदान करतं, आणि चावलेल्याच्या उशाशी मात्र फक्त काचनळी.

पुढचा हिशोबही बघा. आपल्याकडच्या प्रतिविषाची एक कुपी दहा मिलीची, ती घोणशीचं साधारण सहा मिलिग्रॅम विष मारते. घोणस एका दंशात सरासरी साठाच्या वर मिलिग्रॅम सोडते. म्हणजे सुरुवातच आठ-दहा कुप्यांपासून. एवढं करून मूत्रपिंडं बसली तर मिरजेला किंवा सांगलीला हलवून डायलिसिस. माणूस गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, तेही कागद पुरे असतील तर. तुमचं अवजार जर इतकं अचूक आहे, तर ते पहिल्यांदा इथं का नाही चाललं?

प्राध्यापक : इथंही चाललंय, आणि तेही महाराष्ट्रात. फक्त तो साप नव्हता, लाल विंचू होता. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. तेव्हा विंचू चावून गंभीर झालेल्या दहा रोग्यांतले तीन-चार दगावत. अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या, मग फुप्फुसात पाणी. बावस्कर रोग्यांच्या उशाशी रात्ररात्र बसले, नोंदी ठेवल्या, १९८२ साली त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. या विषानं नसांच्या पेशींतली सोडियमची दारं उघडी राहतात, शरीरातली उत्तेजक द्रव्यं पूर आल्यासारखी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमतं. ही साखळी समजली की उपाय दिसतो. ती आवळण सोडवणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी बाजारात होतीच. ती वेळेवर द्यायला लागल्यापासून मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. पुढं मुंबईच्या हाफकिनमध्ये बनलेलं विंचवाचं प्रतिविष त्यांनी प्राझोसिनच्या जोडीला देऊन पाहिलं. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या त्या चाचणीत दोन्ही औषधं दिलेले ९१ टक्के रोगी दहा तासांत पूर्ण सावरले. नुसती गोळी दिलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. विष कसं काम करतं हे समजून घेणं आणि चावलेल्याला वाचवणं, ही दोन वेगळी कामं नाहीत हे यावरून दिसतं. याच विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरियोटॉक्सिन सापडलं. ते पेशींतलं पोटॅशियमचं एक विशिष्ट दार बंद करतं. रक्तवाहिनी, मूत्राशय, श्वासनळी यांचे स्नायू कसे सैल पडतात हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरतात.

बागायतदार : बावस्करांचं नाव घेतलंत तर मी हात जोडतो. पण त्यांची गोष्ट तुमच्या बाजूची आहे का, याबद्दल मला शंका आहे. त्यांच्याजवळ तुमचं ते आयबेरियोटॉक्सिन नव्हतं. विषापासून बनवलेलं औषध त्यांनी शोधलं नाही, दुसऱ्याच कामासाठी बनलेली रक्तदाबाची गोळी विंचवाच्या रोग्याला दिली. त्यांच्याकडं होती ती चावलेल्या माणसाजवळ बसायची तयारी. आणि नीट बघा, एकाच विंचवाच्या दोन वाटा झाल्या. एक वाट बिरवाडीच्या खाटेपासून निघाली आणि पुन्हा त्याच खाटेशी आली. दुसरी परदेशी प्रयोगशाळेत गेली, तिथं तो रेणू मायक्रोग्रॅमच्या भावानं विकला जातो, आणि ज्या मुलाला विंचू चावतो त्याचा तिच्याशी काही संबंध उरत नाही. मला पहिली वाट हवी आहे. दुसरीला माझा विरोध नाही, पण पहिलीचं पुण्य दुसरीच्या खात्यावर जमा करू नका.

(लेखकाची नोंद : हा आक्षेप मला या संवादातला सर्वांत वजनदार वाटतो. विषाच्या संशोधनाचं कौतुक करताना आपण सगळेच या दोन वाटांची सरमिसळ करतो. मात्र त्याला एक पुरवणी जोडायला हवी. विंचवाच्या विषानं उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, हे ज्ञान एकट्या खाटेजवळ तयार झालं नव्हतं. त्यामागं जनावरांवरच्या प्रयोगांची बरीच वर्षं होती.)

प्राध्यापक : मान्य. दोन वाटा आहेत, आणि पैसा दुसरीकडं जास्त वाहतो. पण त्या अधूनमधून एकमेकींना मिळतात, आणि आता तर जास्तच मिळू लागल्या आहेत. भारतीय नागाचा संपूर्ण जनुकसंच जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून विषाच्या ग्रंथीतच बनणारी १९ महत्त्वाची विषं वेगळी ओळखता आली. आता घोड्याच्या रक्तावर विसंबण्याऐवजी नेमक्या त्यांवर मारा करणारी प्रतिपिंडं घडवायचा प्रयत्न आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेनं आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून तसं एक प्रतिपिंड दाखवलं. नाग, मण्यार यांच्या कुळातल्या एका मोठ्या विषगटाला ते निकामी करतं, अर्थात सध्या उंदरांत. व्हॅरेस्प्लाडिब नावाचं औषध हृदयविकारासाठी बनलं, तिथं नापास झालं. सापाच्या विषातल्या एका एन्झाइमवर ते चालतं असं दिसल्यावर भारतातल्या आणि अमेरिकेतल्या सर्पदंशाच्या रोग्यांवर त्याची चाचणी झाली. निर्णायक यश अजून आलेलं नाही. पण ते पोटात घ्यायचं औषध आहे. बांधावरून दवाखान्यापर्यंतचा तास-दीड तास त्यानं मिळाला तर काय होईल याचा विचार करा.

बागायतदार : विचार करतो, म्हणूनच पुढचं विचारतो. तुम्ही म्हणालात 'भारतीय नाग'. आमच्या जिल्ह्यात एकच घोणस आहे का? पश्चिमेला शिराळ्यात पाऊस धो-धो, पूर्वेला जतला प्यायच्या पाण्याला टँकर. शिराळ्याच्या नागपंचमीवर न्यायालयात खटले झाले, जिवंत नागांची पूजा थांबली, त्यावर जिल्हाभर चर्चा झाली. पण शिराळ्याच्या सापाचं विष आणि जतच्या सापाचं विष सारखं आहे का, हा प्रश्न कुठल्या ग्रामसभेत आलेला मी ऐकला नाही. प्रतिविषासाठी लागणारं विष बहुतेक तमिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ पासून ती माणसं हे काम करतात. साप धरतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, खूण करून पुन्हा रानात सोडतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिकडच्या घोणशीच्या विषावर बनलेली कुपी जतच्या घोणशीवर किती चालते?

प्राध्यापक : नेमक्या याच प्रश्नावर बेंगळुरूच्या कार्तिक सुनगर यांच्या गटाचं काम आहे. साप एकाच जातीचा असला तरी प्रदेशाप्रमाणं विष बदलतं आणि काही ठिकाणी प्रतिविष कमी पडतं, हे त्यांनी दाखवलं. २०२५ मध्ये त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं. कोरड्या भागातल्या घोणशींत प्रथिनं तोडणारी एन्झाइमं जास्त प्रभावी दिसली. म्हणजे तुमची शंका शास्त्राला धरून आहे. एकाच जिल्ह्यात शिराळा आणि जत असणं ही अभ्यासाला मिळालेली संधी आहे. पण या कामाला कंपनी पैसे घालणार नाही, हेही मी जाणतो. हृदयविकाराच्या औषधाला गिऱ्हाईक आहे. जतच्या घोणशीपुरत्या प्रतिविषाला गिऱ्हाईक आहे रात्री पाणी धरणारा शेतमजूर. तिथं सरकारनंच उभं राहिलं पाहिजे.

बागायतदार : आणि सरकार उभं राहायचं तर आधी मोजणी हवी. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगितलं की प्रत्येक दंशाची नोंद बंधनकारक करा. चांगलं आहे. पण मांत्रिकाच्या दारातून परत आलेला, वाटेतच गेलेला माणूस त्या वहीत येतो का? आणखी एक गोष्ट. आता म्हणे विषाचा थेंबही लागत नाही, जनुकाची अक्षरं संगणकावर आली की रेणू कारखान्यात बनतो. साप वाचला, त्याचा आनंद आहे. पण पूर्वी निदान साप न्यायला परवानगी मागावी लागे. आता अक्षरं नेणाऱ्याला अडवणार कोण, आणि त्यानं मिळवलेल्या पैशातला वाटा कुणाला?

प्राध्यापक : यावर जगातच एकमत नाही. जैवविविधतेच्या जागतिक परिषदेत 'कॅली निधी' नावाचा एक निधी ठरला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला. अशी जनुकीय माहिती वापरून कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यात पैसे घालावेत, निम्मा तरी वाटा स्थानिक लोकांकडं जावा, असं अपेक्षित आहे. पण देणं ऐच्छिक आहे. माझी भीती उलट बाजूची आहे. वाट्याच्या भांडणात परवाने इतके अवघड झाले की जतची घोणस तपासायला निघालेला विद्यार्थीच कंटाळून दुसरा विषय घेईल. नफा कमावणाऱ्याला अडवणारं कुंपण आधी गरीब संशोधकाला लागतं, हे मी पाहिलं आहे.

बागायतदार : मग कुंपण घालू नका, अट घाला. या जिल्ह्यातल्या सापाचं किंवा विंचवाचं विष कुणीही न्यावं, कंपनीनं न्यावं, विद्यापीठानं न्यावं, औषधासाठी किंवा अवजारासाठी. पण आपल्या रुग्णालयात आज जी कुपी आहे ती त्या विषावर किती चालते, एवढी एक तपासणी त्यानं करून द्यावी आणि तिचा निकाल ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरच्या हाती द्यावा. नफ्यातला वाटा मिळेल तेव्हा मिळो.

प्राध्यापक : अट योग्य आहे. पण त्या तपासणीला उंदीर लागतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते, पैसा लागतो. लहान संशोधकाला तो खर्च झेपणार नाही. तो कुणी उचलायचा हे ठरल्याशिवाय तुमची अटही कुंपणच होईल. याचं उत्तर आज माझ्याकडं नाही.

बागायतदार : माझ्याकडंही नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे. गावच्या सापांची नोंद ठेवणं तिच्याच अखत्यारीत येतं. या प्रश्नाचा ठराव तिथून जिल्ह्याला पाठवता येतो, आणि तो मांडायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.